तीन रेघांचा गज

ईस्ट कॉर्बेट, व्हरमाँट
५ सप्टेंबर १८३८

लायमनदादा,

तुझं पत्र सत्तावीस ऑगस्टला पोचलं. आज पाच सप्टेंबर. मधले नऊ दिवस मी काय करत होतो असं तू विचारशील, म्हणून आधीच सांगतो. पत्र माझ्या आतल्या खिशात होतं आणि ते तिथे आहे ना, हे मी दिवसातून चार वेळा चाचपून पाहत होतो.

चार वर्षांत तुझं हे पहिलंच पत्र. इलिनॉयमध्ये तू घर बांधलंस, चाळीस एकर नांगरलीस, हे वाचून बरं वाटलं. शेजारी तुला तिथल्या गावकऱ्यांच्या पलटणीचा कॅप्टन निवडणार आहेत हे वाचलं आणि मी उठून दार लावून घेतलं. घरात आईशिवाय कोणी नव्हतं आणि तिला वाचता येत नाही. तरी लावून घेतलं.

तुझं म्हणणं मी इथे पुन्हा लिहितो, म्हणजे समजण्यात चूक व्हायला नको. तू त्या लोकांना सांगितलंस की गावी असताना माझ्या बंदुकीने एका माणसाचा उजवा हात गेला, तेव्हा चाळीस बंदुकांच्या पुढे उभं राहायचा मला अधिकार नाही. ते म्हणाले, त्या माणसाचा तुझ्यावर राग नाही अशी त्याची एक ओळ आण, आम्ही नाताळपर्यंत थांबतो. ती ओळ तुला लॅथ्रपसाहेबांकडून हवी आहे. ती आली नाही तर तू कॅप्टन होणार नाहीस, आणि तिथेही राहणार नाहीस. ‘जिथे कोणी विचारणार नाही तिथे जाईन’ असं लिहिलंयस. हे वाक्य मी जास्त वेळा वाचलं.

तू गेलास तेव्हा लॅथ्रप आपल्या पलटणीचे कॅप्टन होते. आता ते रेजिमेंटचे कर्नल आहेत. त्याच वर्षी सप्टेंबरात गावाने त्यांना माँटपेलियरला राज्याच्या कायदेसभेत आपला प्रतिनिधी म्हणून पाठवलं, आणि तेव्हापासून दर वर्षी पाठवतं. कालची निवडणूक पाचवी. चर्चचे डीकन ॲव्हेरी मतपेटीपाशी उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “आपण माणसाला मत देत नाही, बाहीला देतो. ती बाही रिकामी आहे तोवर झीबा लॅथ्रप पडायचा नाही.”

कर्नल मागेच उभे होते. म्हणाले, “डीकन, तुम्हीही काहीतरी कापून घ्या की. पण तुम्ही डोकं जरी कापून घेतलंत तरी मतं तेवढीच पडतील.”

सगळे हसले. डीकनही हसले. मीही हसलो, पण उशिरा.

तुला ठाऊक नसेल, मी कर्नलांचा कारकून आहे. तू गेलास त्याच शरदापासून. मी तीनच हिवाळे शाळेत गेलो, पण अक्षर बरं आहे आणि शुद्धलेखन चुकत नाही. त्यांची पत्रं, मेंढ्यांच्या लोकरीचे करार, रेजिमेंटचे हुकूम, सभेतली भाषणं, सगळं मी लिहितो. गावातले लोक मला ‘कर्नलांचा उजवा हात’ म्हणतात. सहज म्हणतात. ते कानावर आलं की मी दर वेळी काहीतरी खाली पडल्यासारखं करून वाकतो.

तुझं पत्र त्यांना अजून दाखवलेलं नाही. निवडणुकीची गडबड होती. येत्या सोमवारी नक्की दाखवतो.

तुझा भाऊ,
ऑरिन

१२ सप्टेंबर

दादा,

मागचं पत्र टपालात टाकलं नाही. टाकायला दुकानापर्यंत गेलो होतो. मग वाटलं, कर्नलांचं म्हणणं त्यातच जोडावं, दोन पत्रं कशाला.

तुझं पत्र त्यांना दाखवलं. सोमवारी नाही, आज.

त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. थँकफुलबाई सफरचंदाच्या चकत्या दोऱ्यात ओवत होत्या. चुलाण्यावर दोन आकड्यांना आडवा, बंदुकीत दारू ठासायचा एक लोखंडी गज टांगलेला असतो, त्यावर त्या माळा वाळत घालतात. तो गज कुठला हे तुला सांगायला नको. त्या सकाळी हाताच्या पार होऊन तो दाराच्या चौकटीत रुतला होता, तिथून बाईंनीच उपटला. मी एकदा विचारलं होतं, हा फेकून का देत नाही? तेव्हा म्हणाल्या, “माझ्या नवऱ्याचा हात घेतलाय त्याने. निदान हिवाळ्याची सफरचंदं तरी वाळवून देऊ दे.”

मी त्या चुलाण्याकडे तोंड करून कधी बसत नाही.

“असा दाराकडे काय बसतोस पाहुण्यासारखा?” बाई म्हणाल्या. “इकडे ऊब आहे.”

“इथे उजेड बरा आहे,” मी म्हणालो, आणि तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. कर्नल एका हाताने बुटाची दोरी बांधत होते. ते शिकायला त्यांना एक वर्ष लागलं. आता कोणी मदतीला वाकलं की ते पाय मागे घेतात. माझं वाचून संपलं तेव्हा गाठ अर्धी झाली होती.

“लायमन बरं लिहायला लागलाय,” ते म्हणाले.

“हो साहेब.”

“त्याला माफी हवीय.”

“एक ओळ फक्त.”

“ओळ लिहायला तू आहेस. कुठली लिहायची ते मला ठरवायचंय.”

“त्यात ठरवायचं काय आहे?” बाई म्हणाल्या. “पोरगा खोगीर न घालता डॉक्टरला आणायला गेला होता. त्याने स्वतःचा गळपट्टा हाताला आवळून बांधला म्हणून तुम्ही आज निवडणुका लढवताय. लिहून टाका आणि जेवायला बसा.”

“आधी भाषण,” कर्नल म्हणाले.

भाषणाचं तुला सांगायला हवं. या वर्षी ते सभेत एक कायदा आणणार आहेत. जूनमधल्या कवायतीच्या दिवशी पहाटे पलटणीने कॅप्टनच्या दारात जमायचं, गोळी न घालता कोरे बार उडवून त्याला उठवायचं, आणि मग त्याने सगळ्यांना आत बोलावून रम पाजायची, ही चाल बंद करावी असा. आपल्याकडे कॅप्टनला निवडून देतात आणि मग त्याच्या खिडक्या हादरवतात. जेवढा आवाज मोठा तेवढा मान मोठा. गेल्या जूनमध्ये पलीकडच्या गावात एकाचा डोळा गेला. कर्नल म्हणतात, आता पुरे.

“त्या सकाळची गोष्ट मी सभेत सांगणार आहे,” ते म्हणाले. “नावानिशी. आणि सभेत जे बोलेन तेच लायमनला लिहून पाठवू. एका गोष्टीच्या दोन नकला वेगवेगळ्या नकोत. तुला हे पटायला हवं, ऑरिन. तू तर नकलांचाच माणूस.”

मी ‘हो’ म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

२४ सप्टेंबर

दादा,

हेही अजून पाठवलेलं नाही. तारखा बघून तू रागावशील. पण हे सगळं एका पुडक्यात जाणार आहे, आणि कसं जाणार ते ठरलं की सांगतो.

आज भाषण सांगायला बसले. ते खोलीत फिरत सांगतात, मी लिहितो. पहिली तीन पानं चांगली झाली. चौथ्या पानावर ती सकाळ आली. ते खिडकीपाशी थांबले आणि म्हणाले, “लिही. तो गज लायमन थ्रॉल या माझ्याच पलटणीतल्या तरुणाच्या बंदुकीतून आला. तो आदल्या संध्याकाळपासून प्यायलेला होता.”

मी ‘तो गज’ एवढं लिहून थांबलो.

“काय झालं?”

“साहेब, नाव हवंच का? वर्तमानपत्रवाले भाषणं जशीच्या तशी छापतात. ती इलिनॉयपर्यंत जातात. तिथले लोक त्याला कॅप्टन करणार आहेत.”

“नावाशिवाय गोष्ट सांगितली तर सभेतले लोक नखं कुरतडत बसतात. नाव घेतलं की मान वर करतात. चार वर्षं बघतोय.”

“पण त्याने ओळ मागितली आहे. हे तर उलटंच झालं.”

“मग खरं नाव काय घालायचं ते तू सांग.”

हे ते अगदी सहज म्हणाले, म्हणजे ‘दुसरा शब्द असेल तर सुचव’ असं ते नेहमी म्हणतात तसंच. मी मान खाली घालून वाक्य पुरं केलं. तुझं नाव लिहिताना शाई जास्त आली, म्हणून ते पान पुन्हा लिहिलं.

नंतर ते टेबलापाशी आले आणि त्यांनी माझी आखायची पट्टी उचलली. तुला माझी खोड ठाऊक आहे. माझ्या प्रत्येक वस्तूच्या टोकाला मी कानशीने तीन बारीक रेघा मारतो. कुदळीचा दांडा, लेखणीची डबी, सगळ्यांवर. तू हसायचास की कोणी चोरलं तर देवाच्या दरबारात दावा लावणार का. कर्नलांनी अंगठा त्या रेघांवरून फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून.

“रेघा फार सारख्या मारतोस तू,” ते म्हणाले, आणि पट्टी जागेवर ठेवली.

एवढंच म्हणाले. मग बाईंनी जेवायला हाक मारली. ताटात मटण होतं. बाई त्यांचा तुकडा कापून देत होत्या आणि ते दर वेळी करतात तशी कुरकुर करत होते. मी काही खाल्लं का, ते आठवत नाही.

तेव्हापासून मी मनात एक एक गोष्ट तपासतोय. ते त्या चुलाण्यासमोर रोज बसतात. बाई दर सप्टेंबरात तो गज पुसतात. गेली चार वर्षं माझी पट्टी त्यांच्या टेबलावर आहे.

३० सप्टेंबर, रविवार

दादा,

आज दोन्ही प्रवचनं ऐकली आणि त्यातलं एक वाक्यही आठवत नाही. आई शेजारणीकडे गेली आहे. मी हे आता लिहितो. खोडणार नाही, आणि पान पुन्हा लिहिणार नाही.

तो गज माझ्या बंदुकीतला होता.

त्या सकाळचं तुला सगळं ठाऊक आहे. तरी क्रमाने लिहितो, कारण क्रमातच मी लपवलं. जूनची तीन तारीख, अठराशे चौतीस. धुकं होतं. आपण चाळीस जण कॅप्टनच्या अंगणात उभे होतो. आदल्या संध्याकाळी तू इतरांबरोबर रम प्यायला होतास. मी नव्हतो, कारण मला हजेरीपटावर रेघा आखायच्या होत्या. दोन बार झाले. तिसऱ्याला मी बंदुकीत दारू घातली, वर कागदाचा बोळा घातला, गजाने ठासला, आणि गज काढायच्या आत माझ्या शेजारून तू ओरडलास, “आता, सगळे एकदम.” सगळ्यांनी उडवले. मीही चाप ओढला. आपण सगळेच ज्यांना हसतो, त्या कच्च्या पोरांसारखी चूक. मी, जो गजाच्या टोकालाही त्याच तीन रेघा मारून ठेवण्याएवढा काटेकोर.

दार उघडून कॅप्टन बाहेर आले होते. ‘या, आत या’ म्हणायला उजवा हात वर केला होता.

धूर एवढा होता की कोणाच्या बंदुकीतून काय गेलं हे कोणालाच दिसलं नाही. मला मात्र खांद्याला कळलं होतं. धक्का वेगळा बसला होता. तू बंदूक गवतावर टाकलीस आणि धावलास. तुझी बंदूक माझ्या पायाशी पडली होती. तिचा गज खाचेत होता. आपल्या दोन्ही बंदुका वडिलांनी एकाच कारागिराकडून आणलेल्या. गज तंतोतंत बसला.

मी ठरवून केलं नाही असं लिहिणार होतो. पण मी आधी इकडेतिकडे पाहिलं होतं. मग ते ठरवूनच झालं.

दहा वाजता लेफ्टनंट म्हणाला, कॅप्टन पडले असले तरी तपासणी कायद्याने व्हायलाच हवी. पलटणीचा कारकून मी. हजेरीपट घेऊन मी रांगेतून चाललो. प्रत्येकाची बंदूक, चकमक, काडतुसांची पेटी, गज. तू नुकताच डॉक्टरला पोचवून आला होतास, सदऱ्यावर रक्त होतं. तू बंदूक पुढे केलीस. खाच रिकामी. तू तिच्याकडे पाहिलंस आणि तुझा चेहरा असा झाला की जणू कोणीतरी तुला तुझंच नाव पहिल्यांदा सांगितलं. मग म्हणालास, “लिही, ऑरिन.”

आणि मी लिहिलं. ‘थ्रॉल, लायमन. गज नाही.’ शुद्ध, ठळक, ओळीत.

संध्याकाळी तू प्यायला होतास म्हणून तुला खात्री नव्हती. मी प्यायलो नव्हतो. मला खात्री होती. त्या उन्हाळ्यात गाव तुझ्याशी कसं वागलं ते मी पाहिलं. आईने ‘दारूने माझं घर बुडवलं’ म्हणून तुझी खुर्ची माळ्यावर टाकली तेव्हा शिडी मी धरली होती. तू गेलास त्या सकाळी मला तुझी बंदूक देऊन म्हणालास, “हिचं तूच बघ, तू काळजी घेतोस.” ती अजून आहे. तेल घालतो.

तुझा गज चार वर्षं माझ्या बंदुकीत आहे.

आता तुला वाटेल, हे मला आधी का नाही कळवलंस. कळवायला पत्ता नव्हता, हे मी स्वतःला सांगायचो. पत्ता आला आणि नऊ दिवस मी तो खिशात ठेवला.

हे तुला कळलं एवढ्याने भागत नाही. तुझ्या शेजाऱ्यांना कर्नलांचा शब्द हवा आहे, आणि कर्नलांचा शब्द म्हणजे ते भाषण. ते माझ्याच अक्षरात टेबलावर पडलंय. त्यात तुझं नाव आहे. आम्ही आठ तारखेला माँटपेलियरला निघतो.

माँटपेलियर
१९ ऑक्टोबर

दादा,

काल दुपारचं लिहितो.

आम्ही इथे दहा दिवस एका विधवा बाईंच्या घरी राहतोय. एका खोलीत चार प्रतिनिधी, आणि मी जिन्याखाली. कर्नल इथे गावातल्यापेक्षा वेगळे असतात. गावात ते मेंढ्यांवर ओरडतात. इथे ते दोन दोन तास काही न बोलता बसतात आणि मग एकच वाक्य बोलतात, ते लोकांना आवडतं. सकाळी सगळे कॉलर लावत असतात तेव्हा ते बाहेरच्या खोलीत जातात, कारण एका हाताने कॉलर लावताना कोणी पाहिलेलं त्यांना चालत नाही. मी दाराबाहेर उभा असतो. बटण पडलं तर ऐकू येतं. ते स्वतः उचलतात.

तुला एक सांगायचं राहिलं. ते माझी स्वच्छ प्रत आधी वाचत नाहीत. सभेतच पहिल्यांदा वाचतात. म्हणतात, “तुझ्या प्रतीत चूक नसते, आणि पहिल्यांदा वाचलं की शब्द ताजे लागतात.”

बुधवारी मी ती प्रत केली. तीन पानं जशीच्या तशी. चौथं पान करायला दुपार गेली.

काल मी वर गॅलरीत बसलो. शेगडी नीट पेटत नव्हती, खाली निम्मे लोक टोप्या घालून होते, काही जण वर्तमानपत्र वाचत होते. कर्नल उभे राहिले. कागद टेबलावर ठेवले, वर दौत ठेवली म्हणजे उडणार नाहीत, आणि वाचायला लागले. ते छान वाचतात. धुक्याचं आलं, खिडक्यांचं आलं. वर्तमानपत्रं खाली आली. त्यांनी अंगठा ओला करून तिसरं पान उलटलं.

चौथ्या पानावर मी असं लिहिलं होतं:

‘तो गज ऑरिन थ्रॉलच्या बंदुकीतून आला. तो प्यायलेला नव्हता. त्याने आपल्या भावाच्या बंदुकीतला गज काढून स्वतःच्या बंदुकीत घातला, आणि हजेरीपटात भावाच्या नावापुढे गज नाही असं लिहिलं. लायमन थ्रॉलने मला जखम केली नाही. त्याने माझा जीव वाचवला. हे भाषण ज्या हाताने लिहिलं आहे तोच हा हात.’

ते वाचता वाचता थांबले. अध्यक्षांना वाटलं पाणी हवंय. एकाने पेला पुढे केला, त्यांनी घेतला नाही. मी कठडा धरून बसलो होतो. ते वर बघतील असं वाटलं. त्यांनी बघितलं नाही. ते पान न वाचता दुमडून ठेवणं त्यांच्या हातात होतं, आणि आठवणीने जुनं वाक्य म्हणणंही. त्यांना पाठ होतं, त्यांनीच सांगितलं होतं.

त्यांनी वाचलं. सगळं. माझं नाव त्यांनी रेजिमेंटचे हुकूम वाचतात तसं वाचलं, सरळ. ‘तोच हा हात’ इथपर्यंत आले आणि तिथे पान संपलं. मग दौत बाजूला सरकवली आणि जे लिहिलेलं नव्हतं ते बोलले.

“यात माझ्या कारकुनाने एक गोष्ट गाळली आहे, कारण ती त्याला ठाऊक नाही. आदल्या संध्याकाळी रम मी पाजली होती. लायमन थ्रॉलला मी सांगितलं होतं, उद्या असा बार काढ की माझ्या खिडक्या फुटायला हव्यात. कॅप्टनचा शब्द म्हणजे हुकूम. गज कोणाचा हे मला दुसऱ्याच वर्षी कळलं. मी विचारलं नाही. गज कोणाचा असं मी विचारलं असतं, तर हुकूम कोणाचा असं लोकांनी विचारलं असतं. आणि या बाहीवर मी पाच वेळा इथे निवडून आलोय.”

मग ते बसले.

बाहेर पायऱ्यांवर मी त्यांची वाट पाहत उभा होतो. पळून जावं असंही वाटलं होतं, पण त्यांचा कोट माझ्याकडे होता. ते आले, बाही पुढे केली. मी कोट चढवला.

“चौथं पान,” ते म्हणाले.

“हो साहेब.”

“चूक एकही नव्हती.”

आम्ही पुलापर्यंत चाललो. तिथे ते म्हणाले, “मी त्या दिवशी तुला विचारलं होतं, खरं नाव काय घालायचं. मला वाटलं तू तिथेच सांगशील.”

“मला लिहूनच सांगता येतं.”

“ते आता कळलं.” मग म्हणाले, “भेकड आहेस. मीही. पण मी मोठा, आणि मला ते पदकासारखं मिरवता आलं.”

मी माफी मागितली. ते म्हणाले, हाताबद्दल कोणी कोणाची माफी मागायची ते त्यांना ठाऊक नाही, पण चार वर्षांची माफी आम्ही दोघांनीही एकाच माणसाकडे मागायची आहे, आणि तो इलिनॉयला आहे.

कायदा पुढच्या वर्षावर ढकलला. एक म्हातारा प्रतिनिधी म्हणाला, पहाटेचे बार बंद केले तर कॅप्टन उठणार कसे? लोक हसले. कर्नलही हसले असं मला वाटलं, पण मी लांब होतो.

ईस्ट कॉर्बेट
४ नोव्हेंबर, रविवार

दादा,

वर्तमानपत्र आमच्या आधी गावात पोचलं होतं. सोबत पाठवतोय. छापणाऱ्याने माझं आडनाव एका ठिकाणी चुकवलं आहे, ते मी शाईने दुरुस्त केलं, म्हणजे दुसरा कोणी समजायला नको.

आईला डीकन ॲव्हेरींनी वाचून दाखवलं. ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. ताट वाढायची आणि निघून जायची. तिसऱ्या दिवशी मी गोठ्यातून आलो तर ती माळ्याच्या शिडीवर होती. “धर,” म्हणाली. तुझी खुर्ची खाली आणली. तिने ती पुसली, टेबलाशी तुझ्या जागी लावली आणि म्हणाली, “त्याला लिही की आई म्हणते, दारूचं मी जे बोलले ते मागे घेतलं. सगळं नाही. तू तेवढं पितोसच. पण ते बोलले ते मागे घेतलं.” शब्द तिचेच आहेत, मी काही बदललं नाही.

गावात काही जण माझ्याशी बोलत नाहीत. पलटणीने मला कारकून ठेवायचं की नाही हे जूनमध्ये ठरेल. दुकानात एकाने मला विचारलं, “काय रे, आज काय बदललंस?” मी विकत घ्यायचं ते घेतलं आणि आलो. त्याचं खोटं नव्हतं. कर्नल पुढच्या सप्टेंबरात निवडून येतील असं कोणी म्हणत नाही. डीकन म्हणाले, “बाही भरली आता.” कर्नलांनी उलट उत्तर दिलं नाही. मला मात्र सोमवारी नेहमीच्या वेळेला यायला सांगितलं. म्हणाले, “दुसरा कोणी लिहिणारा मिळाला असता तर तुला हाकललं असतं. यायचं असेल तर ये.” मी गेलो. बाईंनी मला चुलाण्याकडे तोंड करून बसवलं. माळा अजून त्या गजावरच आहेत. तीन रेघा तिथून स्पष्ट दिसतात.

तुझी ओळ सोबत आहे. ती मी लिहिलेली नाही. मी लेखणी उचलली तेव्हा कर्नल म्हणाले, “ठेव ती.” आणि डाव्या हाताने स्वतः लिहिली. अर्धा तास लागला. कागद सरकत होता, मी धरायला गेलो तर त्यांनी त्यावर कोपर ठेवलं. ओळ अशी आहे: ‘लायमन, तुला माफ करावं असं माझ्याकडे काही नाही. कॅप्टन हो. पहाटे कोणाला बार उडवू देऊ नकोस. झीबा लॅथ्रप.’ मूळ कागदावर शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत. त्या मी तशाच राहू दिल्या.

डीकनांचा धाकटा मुलगा उद्या बायको आणि गाडीभर सामान घेऊन पश्चिमेला निघतोय. तो तुझ्यापासून दोन दिवसांच्या वाटेवर जागा घेणार आहे. हे पुडकं त्याच्याकडे देतो, आणि मेणकापडात गुंडाळलेली एक लांब वस्तू. उघडशील तेव्हा टोकाला रेघा शोधू नकोस. नाहीत. तो तुझा आहे. तुझ्या शेजाऱ्यांना हवं तर दाखव.

माझी बंदूक भिंतीवर आहे, गजाची खाच रिकामी. नवा गज लोहाराकडे मिळतो, पण जूनपर्यंत मी घेणार नाही. त्या दिवशी हजेरीपट माझ्या हातात असो वा दुसऱ्या कोणाच्या, रांगेत माझ्यापर्यंत आल्यावर लिहावंच लागेल:

थ्रॉल, ऑरिन. गज नाही.